धावड्याच्या खुंट्या

माझी मोठी बहीण खुंट्या करायची. आमच्याकडे मोठ्या बहिणीला 'बाई' म्हणतात, तेव्हा मीही तिला बाईच म्हणेन.

आमचं घर सुतारांचं. सावली गावाच्या आसपास, वैनगंगेच्या काठानं धानाच्या पट्ट्यात जी जुनी लाकडी घरं होती, त्यांतली बरीच बाबांच्या हातची. तुळईच्या टोकाला ते जिभेसारखा भाग काढायचे, त्याला कुसू म्हणतात. खांबात तेवढीच खाच कोरायची, कुसू खाचेत बसवायचं, आणि मग दोघांतून आरपार भोक पाडून त्यात लाकडाची खुंटी ठोकायची. बस्स. खिळा नाही, लोखंडाची पट्टी नाही. पन्नास माणसं ओसरीवर जेवायला बसली तरी घर हूं की चूं करायचं नाही. कुसू आणि खाच बाबांची, पण खुंटी बाईची.

ती कशी या कामात आली ते कोणी ठरवलं नव्हतं. बाबा दिवसभर दुसऱ्याच्या अंगणात असायचे, खुंट्या मात्र घरी बसून करता येत. आईला शेतावर जावं लागे. बाई घर सांभाळायची आणि ओसरीवर बसून धावड्याचं लाकूड चिरायची. चिरायची, कापायची नाही. हा फरक तिनं मला फार लहानपणी शिकवला होता. धावड्याचा ओंडका उभा धरायचा, वर कोयता ठेवायचा आणि मोगरीनं एक ठोका द्यायचा. लाकूड आपल्या नसेनं फुटतं. मग त्या फाकेला वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या छोट्या कुऱ्हाडीनं, तासत आणायचं, टोकाकडे जरा निमुळतं. करवतीनं कापलं की नस मधेच तुटते आणि खुंटी ऐन वेळी दगा देते.

झालेल्या खुंट्या चुलीवरच्या फळीवर धुरात वाळत. बाबा म्हणायचे, "खुंटी तहानलेली ठेवाची. घरात गेल्यावर ते हवेतलं पाणी पिते, फुगते, अना मंग मरेपर्यंत हालत नाई."

घर उभं करायच्या दिवशी बाई बाबांबरोबर जायची. बाबा वर तुळईवर बसून खुंटी ठोकत आणि बाई खाली उभी राहून ऐकत असे. खुंटी जाताना पोकळ आवाज येतो. ती पूर्ण बसली की आवाज एकदम भरीव होतो, घट्ट भरलेल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा. वर बसणाऱ्याच्या कानात ठोक्याचाच दणका असतो, त्याला तो फरक नीट कळत नाही. म्हणून बाबा वरून विचारायचे, "बसली का वो माय?"

बाई म्हणायची, "अजून नाई." आणखी दोन ठोके. मग, "बसली."

एकदा बाबांनी एक अख्खं घर जागेवरून उचलून नेलं. नदी काठ खात चालली होती आणि त्या घरची मंडळी वरच्या बांधावर राहायला जाणार होती. नवं घर बांधण्याऐवजी त्यांनी बाबांना विचारलं, हेच घर तिकडे नेता येईल का? बाबा घराभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "नाई यायले काय झालं? ते काई झाड होय काय?" उलट्या बाजूनं ठोकत त्यांनी एकेक खुंटी काढली. तुळया उतरल्या, खांब आडवे झाले. सगळं बंड्यांवर, म्हणजे बैलगाड्यांवर, लादून वरच्या बांधावर गेलं. एका खांबातली तुळई मात्र निघता निघेना. दोघातिघांनी जोर लावला. बाईनं वाकसाच्या पाठीनं सांध्यावर टकटक केलं आणि म्हणाली, "बाबा, खुंटी अंदर मोडली हाये. दोन तुकडे हायेत." तसंच निघालं. पलीकडून दुसरं भोक पाडून तो तुकडा काढावा लागला. त्या घरचे म्हातारे तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी घरातल्या सुनेला सांगितलं, "या पोरीले चहा द्या पयले."

बाईचं लग्न एटापल्लीच्या अलीकडच्या एका गावात झालं. भाऊजीही सुतारच, पण ते बंड्या आणि नांगर करायचे. तिकडे खुंट्यांचं काम फारसं नव्हतं. पुढे सिमेंट आलं, लोखंड आलं. जुनी घरं पडली, त्यांचं सागवान शहरात गेलं, त्याचे टेबल आणि सोफे झाले. बाबा गेले, आई गेली. मी गडचिरोलीला एका प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा शिक्षक झालो. मुलांना कुसू आणि खाच परीक्षेपुरती शिकवायचो. परीक्षा झाली की ती मुलं नागपूरला जाऊन प्लायवूडची किचनं बसवत, आणि त्यात काही वाईट नव्हतं. पोट भरायचं असतं. निवृत्त झाल्यावर मीही घरच्या कपाटाला स्क्रूच लावले.

अशात एक दिवस नागपूरच्या एक आर्किटेक्ट मॅडम घरी आल्या. चाळिशीच्या असतील. गडचिरोलीच्या बाहेर, चामोर्शीच्या रस्त्याला जंगलातला माल गोळा करणाऱ्या बायांसाठी एक सभागृह बांधायचं होतं. मॅडम ते लाकडाचं करणार होत्या. मला वाटलं, बांबूची झोपडी असेल. त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवलं तेव्हा मी चष्मा पुसून परत पाहिलं. उंचच उंच खांब, लांबच लांब तुळया. एवढ्या लांबीचं झाड आता आलापल्लीच्या जंगलातही शोधावं लागेल.

"झाड नाहीये सर," त्या म्हणाल्या. "सागाच्या लागवडीत विरळणी करतात ना, तेव्हा बारीक झाडं निघतात. त्यांच्या पट्ट्या काढून, वाळवून, एकावर एक चिकटवून दाबायच्या. मग पाहिजे तेवढी लांब तुळई करता येते."

"अन् सांधे?"

"त्याच्यासाठीच आलेय. जगभर याला लोखंडी प्लेटा अन् बोल्ट लावतात. मला इथं ते कमीत कमी ठेवायचे आहेत. इथल्या पावसाळ्यात लोखंडाला घाम येतो, आतलं लाकूड कुजतं. आणि उद्या काही बिघडलं तर इथल्या सुताराला दुरुस्त करता आलं पाहिजे. हिशेब मी केलाय, मशीन खाचा पण कोरून देईल. पण मी आयुष्यात एकही कुसू हातानं बसवलेलं नाही. तुम्ही बसवलंत ना?"

मी हो म्हणालो. बाबांच्या हाताखाली बसवली होती, कितीतरी.

माल आला तेव्हा आम्ही दोघं ट्रकपाशी उभे होतो. मी एका तुळईवरून हात फिरवला. सागाचाच गुळगुळीतपणा, पण बाजूनं पाहिलं तर पट्ट्यांच्या रेघा, पुस्तकाच्या पानांसारख्या. वास मात्र सागाचा कमी आणि गोंदाचा जास्त. मला थोडं परकं वाटलं. मॅडमना तसं सांगितलं तर त्या हसल्या. "मलापण पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. होईल सवय हळूहळू."

पहिल्याच महिन्यात आम्ही दोनदा आपटलो. छपरासाठी जाड फळ्या आल्या होत्या, त्यांत एक थर उभा, एक आडवा असं चिकटवलेलं. मी बाबांच्या पद्धतीनं फळीच्या मधोमध कुसू काढलं, बसवलं, आणि जरा भार दिल्याबरोबर ते बिस्किटासारखं कटकन मोडलं. मधला थर नेमका आडवा होता. नसच आडवी, तर ती ओढ धरणार कुठून? मॅडमनी तुकडा हातात घेतला आणि तिथेच जमिनीवर बसून कागदावर काढायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा आणला: दोन्ही फळ्यांत खाचा ठेवायच्या आणि मधे सागाची वेगळी जीभ सारायची. ते जमलं. बाबांनी असं कधी केलं नव्हतं, पण ते असते तर त्यांनी ते बघून मान हलवली असती, एवढं मला नक्की वाटतं.

दुसरी आपटी खुंट्यांची. त्या यंत्रावर फिरवून करून आणल्या होत्या. दिसायला देखण्या, गोल, एकसारख्या. तुळई आणि खांबाचं भोक जुळवताना आपण मुद्दाम किंचित फरक ठेवतो, म्हणजे खुंटी आत जाताना कुसवाला ओढून घेते आणि सांधा आवळतो. त्या वाकड्या वाटेनं जाताना यंत्राच्या खुंट्या एकामागून एक मोडल्या. मी एक मोडकी उचलून बघितली. नस तिरकी कापली गेली होती.

"या चिरून कराव्या लागतील," मी म्हणालो.

"तुम्ही कराल?"

मी दोन दिवस करून पाहिल्या. झाल्या, पण हात बसेना. एक जाड, एक बारीक. संध्याकाळी बायको म्हणाली, "काऊन जीव काढून राह्यले? बाईले बोलवा ना."

मी एटापल्लीच्या बसमध्ये बसलो. कितीतरी वर्षांत मी तिच्याकडे राहायला गेलो नव्हतो. भेट व्हायची ती लग्नात, तेरवीत. दिवाळी नुकती होऊन गेली होती. तिच्या अंगणात धानाचा ढीग होता आणि ती त्याच्याशेजारी खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी तिनं नुसतं तोंड वर केलं.

"कोन होय?"

"मी होय, बाई."

"अगा बाबू!" तिनं माझा हात पकडून खाली बसवलं, आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. तेव्हा मला कळलं की तिला नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांवर पांढुरकी साय आली होती.

जेवताना मी विषय काढला. तिचा मुलगा एसटीत कंडक्टर आहे, समजूतदार पोरगा. तो चमकलाच. "मामा, इले दिसत नाई आता. कोयता-वाकस हाती द्यान, बोटं तोडून घेईन ते. अना या वयात मजुरीले पाठवू का मी मायले? लोक काय म्हनतीन?"

बाई भात कालवत होती. मग म्हणाली, "खुंटी डोळ्यानं करते का कोनी?"

"मंग कायनं करते?"

"आन एक फाक."

त्यानं हसत हसत मागच्या दारातून जळतनाची एक फाक आणून दिली. तिनं विळा मागितला. आम्ही सगळे जेवायचं थांबलो. तिनं फाकेवर अंगठा फिरवला, नस कुठून कुठे जाते ते चाचपलं, आणि तासायला लागली. तासताना मान दुसरीकडेच, दाराकडे. थोड्या वेळात एक खुंटी झाली. जळतनाचं लाकूड होतं, कामाची नव्हती, पण सरळ होती आणि टोकाकडे निमुळती होती. तिनं ती मुलाच्या ताटाशेजारी ठेवली.

"मी मजुरीले नाई जाऊन राह्यली," ती म्हणाली. "मी माह्या कामाले जाऊन राह्यली."

मुलानं ती खुंटी उचलून हातात फिरवली. "सांगतलं नाई कधी तुनं," एवढंच म्हणाला. सकाळी त्यानंच तिची पिशवी बसमध्ये ठेवली.

ते हिवाळ्याचे दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी आहेत. धावडा वनखात्याच्या डेपोतून आणला. आमच्या घराच्या ओसरीवर मी चिरायचो आणि बाई तासायची. अंगावर ऊन घेत आम्ही बसायचो, आणि तासताना तिच्या तोंडातून एकेक जुनं निघायचं. बाबा रंध्याला पाती लावताना जीभ बाहेर काढायचे ते. आई शेतातून येताना पदरात बोरं आणायची ते. काही गोष्टी मला आठवत नव्हत्या, काही तिला. आमच्या दारात एक बिब्याचं झाड होतं असं ती म्हणायची, मी म्हणायचो तेंदूचं होतं. त्याच्यावर आम्ही दोन दिवस भांडलो. बायको म्हणाली, "तुमी दोघं मिळून साठ वर्ष मागं गेले. मले एकटीले इथी ठेवलं."

मॅडम येत, बाईच्या शेजारी सतरंजीवर बसत. त्यांनी तासायचा प्रयत्न केला. पहिली खुंटी पाहून बाई म्हणाली, "हे दातात घालाले ठीक हाये." मॅडम खळखळून हसल्या. आठवडाभरात त्यांची खुंटी बऱ्यापैकी यायला लागली. मॅडमनी बाईला समजावून सांगितलं की या तुळया कारखान्यात आधीच कोरड्या केल्यात, म्हणून खुंट्या त्यांच्याहूनही कोरड्या हव्यात. बाई म्हणाली, "मंग उन्हानं नाई होनार. चूल पायजे." आमच्या घरी गॅस. मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली, वर पत्रा, पत्र्यावर खुंट्या. शेजारचे लोक विचारायला आले की कोणाचं लग्न आहे.

नमुन्याच्या खुंट्या मॅडमनी नागपूरच्या एका कॉलेजात दाबून पाहायला पाठवल्या. निकाल आला तेव्हा त्यांनी कारमधून उतरता उतरताच ओरडून सांगितलं, "बाई, पास!"

"मी तं शाळेतच नाई गेली," बाई म्हणाली, आणि तासत राहिली.

सांगाडा उभा करायचा दिवस आला. क्रेन आली, हेल्मेट घातलेली माणसं आली. बाईच्या डोक्यावरही पदरावरून हेल्मेट बसवलं, आणि तिला सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची दिली. खांब उभे राहिले. पहिली तुळई वरून हळूहळू खाली आली, आणि कुसू खाचेत असं अलगद शिरलं की मला बाबांची आठवण झाली. माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः कारागीर, शिडीवर होता. मॅडमनी मोगरी बाईपुढे धरली. "पहिली तुम्ही ठोका. आम्ही वर चढवतो तुम्हाला धरून."

"मले नाई ठोकाची," बाई म्हणाली. "मले ऐकू द्या. ते घरघर बंद करा पयले."

मॅडमनी हात वर केला. क्रेनचं इंजिन बंद झालं. सगळी माणसं गप्प झाली. वरून पहिला ठोका पडला, दुसरा, तिसरा. बाई मान खाली घालून बसली होती.

"अजून नाई," ती म्हणाली.

आणखी ठोके.

"बसली."

असंच चालू राहिलं. दुपारपर्यंत सगळ्यांनाच ती लय सापडली. एका सांध्यापाशी मात्र तिनं हात उचलला. "हे खोटं बोलून राह्यली. काढा."

वरचा कारागीर म्हणाला, "बाई, पूर्ण गेली ना. वरून दिसते."

"खुंटी गेली. तुळई नाई आली."

खुंटी उलटी ठोकून काढली, तुळई थोडी उचलली. खाचेच्या तळाशी मशीनचा भुसा आणि एक ढलपी दबून राहिली होती, त्यामुळे कुसू टेकलंच नव्हतं. साफ करून परत बसवलं. या वेळी आवाज मलाही ऐकू आला. मॅडमनी त्या दिवसापासून नियमच केला, बसवायच्या आधी प्रत्येक खाच हवेनं फुंकून काढायची.

काम संपत आलं तेव्हा मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, यांच्या डोळ्यांत नुसता मोतीबिंदू आहे. कोणी दाखवलं का नाही?" मी बाईला विचारलं. ती म्हणाली, "दाखवाले भेव वाटते बाबू. हाये ते बी गेलं तं?" मुलानं आधी कितीदा सांगून पाहिलं होतं. शेवटी मॅडमच तिच्याजवळ बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बाई स्वतःहून म्हणाली, "चाल, दवाखान्यात."

गडचिरोलीच्या दवाखान्यातच ऑपरेशन झालं, आधी एक डोळा आणि मग काही आठवड्यांनी दुसरा. पट्टी निघाली तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुह्ये केस पांढरे झाले वो!" मग माझ्याकडे पाहून नुसती हसली.

सभागृह सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. बाई त्या दिवशी बसनं गावी परतणार होती, त्याआधी मी तिला रिक्षानं तिकडे घेऊन गेलो. आत बायांची बैठक चालू होती, मोहफुलांवर काहीतरी जोरात वाद सुरू होता. आम्ही मागच्या दारानं जाऊन भिंतीशी उभे राहिलो. बाईनं वर पाहिलं. एवढे दिवस ती या इमारतीत बसली होती, पण तिनं ती पाहिलेली नव्हती. तुळयांच्या रेघा उन्हात पिवळ्या दिसत होत्या आणि प्रत्येक सांध्यावर धावड्याच्या खुंट्यांची टोकं ठिपक्यांसारखी दिसत होती.

"मले वाटे लहान असन," ती हळूच म्हणाली. "घरासारखं. एवढं मोठं होय का हे?"

ती एका खांबाकडून दुसऱ्याकडे गेली, प्रत्येक सांध्यापाशी मान वर करून थांबली. वाद घालणाऱ्या बाया एकेक करून गप्प झाल्या आणि तिच्याकडे बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "माय, काय पाहून राह्यली?"

"खुंट्या," बाई म्हणाली. "माह्या हायेत."

त्या बायांनी तिला मधे बसवून घेतलं. कुठल्या गावची, किती लेकरं, डोळ्याला काय झालं होतं, सगळं विचारून घेतलं. मोहफुलांचा वाद अर्धवट राहिला. कोणीतरी मुरमुरे काढले. बाई त्यांना धावडा कसा चिरायचा ते हातवारे करून सांगत होती आणि त्यांतली एक गोंडीत दुसरीला समजावत होती. मी बाहेर पायरीवर येऊन बसलो, आणि एटापल्लीची बस चुकू दिली.